शेवटचं कोण?

माझ्या खिडकीशी रांग दिसत नाही, पण असते. दुपार झाली की समोरच्या कचेऱ्यांमधून माणसं उतरायला लागतात. येणारा येतो, इकडेतिकडे पांगलेल्या माणसांवरून नजर फिरवतो आणि विचारतो, "शेवटचं कोण?" झाडाखालून कुणीतरी हात वर करतं, "मी." "आणि तुझ्या पुढे?" "ती हिरव्या झग्यातली." झालं. एवढं डोक्यात ठेवायचं. मग खुशाल सावलीत बसा, सिगारेट ओढा, कुणाचा घटस्फोट कुठवर आला त्याची चौकशी करा. पुढचा माणूस खिडकीशी गेला की समजायचं, आता आपण.

कायदा एकच. रांग सोडून जायचं असेल तर मागच्याला सांगून जायचं. मी चाललो, माझ्या पुढे अमुक होता, आता तू त्याच्यामागे. न सांगता गेलात तर मागच्याला आपण कुणाच्या मागे तेच कळत नाही, आणि मग सगळ्यांचाच घोळ. हवानात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी माणसं चुकतात. माझ्या खिडकीशी चुकली तर त्यांची गाठ माझ्या तोंडाशी पडते, आणि माझं तोंड कसं आहे ते आमच्या वेदादो भागात कुणालाही विचारा.

मी ओंदिना. नवरा गेला, त्याची मोटार त्याच्या भावानं नेली, गॅरेज तेवढं मला राहिलं. त्या गॅरेजला खिडकी पाडली आणि जेवणाचे डबे विकायला लागले. पुठ्ठ्याचा डबा, त्यात काळ्या घेवड्याचा भात, मिळालं तर डुकराचं मांस, नाही मिळालं तर तळलेले गोळे, लसूण आणि आंबट संत्र्याच्या रसात घोळवलेला उकडलेला युकाचा कंद, वर काकडीच्या दोन चकत्या. चमचा मी देत नाही. झाकणाचा तुकडा फाडायचा, दुमडायचा आणि त्यानंच खायचं. साहेब असो की झाडूवाली, माझ्याकडे सगळे पुठ्ठ्यानं खातात. महागाई एवढी झालीय की कचेरीतल्या माणसाला परवडेल असं जेवण या भागात दुसरं उरलेलं नाही, त्यामुळे माझं तोंड ते सहन करतात.

तोंडच काय ते माझं. हात योसबेलचे. मी वाढते, पैसे घेते आणि बोलते, रांधतो तो. योसबेल माझ्या पोराचा, राऊदेलचा, शाळेपासूनचा मित्र. दोघं लहानपणी याच गॅरेजमध्ये मोटारीखाली लपून बसायचे. मोठा झाल्यावर राऊदेलला स्वयंपाकाचा कंटाळा आणि याला हातात चव, म्हणून मी याला ठेवून घेतलं. त्याचा घेवडा खायला लोक दोन चौक ओलांडून येतात. कुकरला तो कुणाला हात लावू देत नाही. मी नुसती जवळ गेले तरी म्हणायचा, "मावशी, तू तुझी खिडकी सांभाळ."

आणि कुरकुर तर विचारू नका. गॅस नाही, कुरकुर. लाइट गेली, कुरकुर. बस आली नाही, तेल वास मारतंय, कांदे बोराएवढे आलेत, कुरकुर, कुरकुर. सकाळी आल्यापासून त्याची जी टकळी सुरू व्हायची ती घेवडा शिजेपर्यंत. मी म्हणायचे, "अरे, तुझ्या तोंडाच्या वाफेवरच कुकरची शिट्टी होते."

गेल्या महिन्यात ही कुरकुर थांबली.

पहिल्यांदा मला बरं वाटलं. मग एक दिवस ऐन दुपारी लाइट गेली, पंखा थांबला, आत भट्टी झाली, आणि हा पठ्ठ्या शांतपणे म्हणाला, "येईल." मी त्याच्याकडे बघतच राहिले. या शहरात लाइट गेल्यावर "येईल" म्हणणारा माणूस एक तर देवमाणूस असतो नाही तर निघायच्या तयारीत असतो. योसबेलला मी लहानपणापासून ओळखते. देवमाणूस तो नव्हे.

मग एकेक दिसायला लागलं. बॅटरीवरची स्कूटर विकली; म्हणे, चालणं तब्येतीला चांगलं. खिडकीच्या झडपेची बिजागरी, जी दुरुस्त कर म्हणून मी जीव आटवला होता, ती आपणहून दुरुस्त केली. सगळ्या सुऱ्यांना धार लावली. बायकोचे, पोरीचे फोटो काढून घेतले, म्हणे कुठल्यातरी कागदांसाठी. पायांत नवे, जाड तळव्याचे बूट. असे बूट घालून हवानात कुणी घेवडा शिजवत नाही.

आमच्याकडे निकाराग्वाचं तिकीट काढणाऱ्याबद्दल म्हणतात, ज्वालामुखी बघायला चाललाय. तिथं आम्हाला व्हिसा लागत नाही. आजवर एकही जण ज्वालामुखी बघून परत आलेला नाही. तिथून सगळे उत्तरेला, अमेरिकेकडे सरकतात, चालत, ट्रकमधून, नदीतून. आणि जाणारा कुणाला सांगत नाही. सांगितलं की दृष्ट लागते, तिकीट हुकतं, विमानतळावरून परत पाठवतात. झाकली मूठ सव्वा लाखाची. शेजाऱ्याला सांगत नाहीत, कचेरीत सांगत नाहीत, आईलाही सांगत नाहीत.

हो, आईलाही. माझा राऊदेल गेला तेव्हा म्हणाला, "आई, मातान्सासला जाऊन येतो. एकाच्या गाडीला टायर आणायचाय. उशीर होईल, जेवण झाकून ठेव." मी झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ताटाला मुंग्या लागल्या, ते टाकलं आणि नवीन झाकलं. मग निकाराग्वातून, मानाग्वाहून फोन आला. आता तो ह्यूस्टनला छपरं दुरुस्त करतो, दर रविवारी फोन करतो, पैसे पाठवतो, पोरगं वाईट नाही. पण ते झाकलेलं ताट माझ्या घशात अडकलंय ते अडकलंयच. म्हणे सांगितलं असतं तर दृष्ट लागली असती. आईची दृष्ट!

योसबेलला तेव्हा ठाऊक होतं का, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर एक तर त्याला खोटं बोलावं लागलं असतं, नाही तर मला खरं ऐकावं लागलं असतं.

आता त्याची पाळी होती. जाऊ नको असं मी म्हणणार नव्हते. त्याला पोरगी आहे, मी कोण अडवणारी? दुकानाचीही काळजी होतीच. सोमवारी सकाळी कुकर समोर आणि कुक गायब, बाहेर सगळ्या कचेऱ्या उपाशी, असं झालं तर मी काय माझी जीभ वाढू? पण खरं सांगायचं तर दुकान नंतर. मला एवढंच हवं होतं, की याने तरी सांगून जावं. दुसऱ्यांदा मला कुणाचं ताट झाकून बसायचं नव्हतं.

आणि मी विचारू शकत नव्हते. विचारलं की तो नाही म्हणणार. मग तो गेल्यावर माझ्याकडे आणखी एक टायर.

आमची दोघांची एक रोजची गंमत होती. गिऱ्हाईक संपलं की आम्ही जेवायचो. गिऱ्हाइकात शेवटची नेहमी ओर्तेन्सिया, समोरच्या नकाशांच्या कचेरीतली कर्मचारी विभागाची बाई. सगळ्यांना आधी सोडते आणि मग स्वतः येते. ती डबा घेऊन गेली की मी झडप अर्धी ओढायची आणि गिऱ्हाइकाच्या आवाजात विचारायचं, "शेवटचं कोण?" योसबेल आतून म्हणायचा, "मी. माझ्या पुढे ओर्तेन्सिया." "तर मग मी तुझ्यामागे," मी म्हणायचे. तो आपलं वाढून घ्यायचा, मग मी. राऊदेल गेला त्या आठवड्यात, मी जेवत नव्हते तेव्हा, हे त्यानंच सुरू केलं होतं. मी झडप ओढून गप्प उभी राहिले होते, आणि हा आतून म्हणाला, "मावशी, रांगेत शेवटचा मी आहे. तू जेवल्याशिवाय रांग संपत नाही." तेव्हापासून चुकलं नाही.

त्या मंगळवारी खिडकीशी तमाशा झाला. दुसऱ्या कचेरीतले हिशेबनीस बाल्दोमेरो रांगेत होते. मध्येच कॉफी प्यायला कोपऱ्यावर गेले, कुणाला काही न सांगता. त्यांच्यामागे एक नवीन मुलगी होती. तिनं फक्त बाल्दोमेरोंचं टक्कल लक्षात ठेवलं होतं, त्यांच्या पुढे कोण ते विचारलंच नव्हतं. टक्कल गेलं, तशी ती गोंधळली. तिच्यामागचे तिला ओलांडून पुढे आले, त्यांच्यामागचे त्यांच्यावर ओरडले, आणि माझ्या खिडकीत एकदम सहा हात. तेवढ्यात बाल्दोमेरो मिशी पुसत परत आले आणि म्हणाले, "माझा नंबर."

"कुठला नंबर?" मी विचारलं.

"मी त्या चष्मेवाल्याच्या मागे होतो."

"होतात. मग उडून गेलात. मागच्या पोरीला सांगितलंत?"

"अगं ओंदिना, पाच मिनिटं कॉफीला गेलो. त्यात काय सांगायचं?"

"बाल्दोमेरो, तुम्ही मोठे हिशेबनीस, तुम्हाला मी काय शिकवणार. पण रांग सोडताना मागच्याला सांगायला काही खर्च येतो का? चाललो, एवढा एक शब्द. माणूस जातो त्याचं दुःख नाही. जाईना का. मागचा कुणाच्या मागे उभा आहे, हे त्याला कळायला नको? त्यानं काय, टकलाची वाट बघत बसायचं?"

लोक हसले. बाल्दोमेरो हात जोडून शेवटी जाऊन उभे राहिले. मला ठाऊक होतं मी कुणाला ऐकवत होते, आणि ज्याला ऐकवत होते त्याची पाठ होती माझ्याकडे. आत पळी खाली पडल्याचा आवाज आला. योसबेलनं ती उचलून धुतली.

गुरुवारी त्यानं मला कुकरपाशी बोलावलं. "मावशी, ये जरा. घेवड्याला फोडणी देतोय, बघून ठेव."

एवढी वर्षं ज्यानं मला त्या कुकरच्या वाऱ्याला उभं केलं नाही, तो बोलावत होता.

"कशाला बघून ठेवू?" मी म्हणाले. "तू आहेस ना."

"असंच. एखाद्या दिवशी मला ताप आला तर?"

"तापाचा आणि तुझा काय संबंध? तुला कधी शिंक आलेली मी बघितली नाही."

"मावशी, दोन तमालपत्रं, आणि जिरं शेवटी नाही, आधी..."

"मला नाही शिकायचं," मी म्हणाले, आणि खिडकीशी येऊन रिकामे डबे मोजल्यासारखे करत बसले. तो मागे बोलतच राहिला, स्वतःशी बोलल्यासारखा. मिरची कधी, व्हिनेगर किती, साखर चिमूटभर. मी कान बंद करून घेतले. सांगायचं असेल तर सरळ सांग ना, मेल्या. घेवड्याच्या आडून काय सांगतोस. डोळ्यांत पाणी आलं ते मी काकडी कापता कापता पुसलं. काकडीनं डोळ्यांत पाणी येत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे.

शुक्रवार उजाडला. शुक्रवारी गर्दी जास्त असते. तो नेहमीसारखा आला, नेहमीसारखं रांधलं. मांस मिळालं होतं, वास पार कोपऱ्यापर्यंत गेला. मी वाढत होते आणि मनात एकच: आज काही बोलला नाही तर संपलं. डबे संपत आले. शेवटी ओर्तेन्सिया आली, डबा घेतला, म्हणाली, "योसबेल, आज घेवड्याला काय केलंस रे, बोटं चाटायला लावलीस." तो आतून नुसता हसला. ती गेली.

मी झडप अर्धी ओढली. बिजागरी आता करकरतही नव्हती. मला विचारायचंच नव्हतं. पण रोजची सवय, आणि न विचारणं म्हणजे आपणच हार मानणं.

"शेवटचं कोण?" मी म्हणाले.

मी मागे वळले नाही. वळले असते तर माझं तोंड त्याला दिसलं असतं. त्यानं गॅस बंद केला, हात पुसले, तेवढे आवाज ऐकू आले.

"मावशी," तो म्हणाला, "मी रांग सोडतोय."

मी झडपेची कडी धरून उभी.

"माझ्या पुढे ओर्तेन्सिया होती. आता तू तिच्यामागे."

मग म्हणाला, "बायकोनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावलीय, कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. म्हणून मी काही सांगत नाहीये. फक्त रांग सोडतोय."

मी वळले. तो कुकरपाशी उभा होता, ते जाड बूट घालून, हातात फडकं, आणि शाळेत काच फोडून आला होता तेव्हाचंच तोंड. मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि कुशीत घ्यावंसं वाटलं. दोन्ही केलं, आधी पहिलं. हलकीच. तो रडला, मीही रडले. लपवण्यासारखं त्यात काय आहे.

"कधी?" मी विचारलं.

"परवा."

"बस मग," मी म्हणाले, "आणि ते घेवड्याचं पहिल्यापासून सांग. काल मी काही ऐकलेलं नाही."

आम्ही जेवलो. तो आधी, मग मी. झाकण फाडलं, दुमडलं, खाल्लं. तो सांगत होता आणि मी घोकत होते, दोन तमालपत्रं, जिरं आधी. जाताना त्यानं एप्रन खिळ्याला अडकवला. राऊदेलच्या वेळचं काही विचारावंसं मला वाटलं, पण मग म्हटलं, राहू दे.

रविवारी राऊदेलचा फोन आला. विचारलं, "सगळं ठीक?" "ठीक," मी म्हणाले. "योसबेल?" "योसबेलला काय धाड भरलीय," मी म्हणाले. पोराशी खोटं बोलले. तो पलीकडे पोचेपर्यंत तोंडाला कुलूप. जिवाभावाचं माणूस जंगलातून चालत असताना आपल्या बडबडीनं त्याचं वाटोळं व्हावं, एवढी काही मी मूर्ख नाही.

सोमवारी मी पहाटेच घेवडा चढवला. झालं काहीतरी. काळा होता, शिजला होता, एवढं म्हणता येईल. दुपारी माणसं उतरली. शेवटचं कोण, मी, तुझ्या पुढे कोण, चाललं होतं. बाल्दोमेरोंनी खिडकीशीच पहिला घास घेतला आणि म्हणाले, "ओंदिना, आज मीठ..."

"बाल्दोमेरो, खा मुकाट्यानं," पाठीमागून ओर्तेन्सिया म्हणाली. तिनं खिडकीतून आत बघितलं होतं. खिळ्याला एप्रन होता, आत माणूस नव्हता. तिचा नंबर आला तेव्हा बाकीचे चार-पाच जण अजून झाडाखाली खात होते, कान इकडेच.

"योसबेल कुठंय?" तिनं विचारलं.

उत्तर काय द्यायचं याचा मी विचार करून ठेवला नव्हता. सगळ्या गोष्टींची तयारी केली, तमालपत्रंसुद्धा दोनदा बघितली, आणि याचीच केली नाही.

"मातान्सासला गेलाय," मी म्हणाले. "टायर आणायला."

शब्द तोंडातून निघाले आणि मला माझाच आवाज ऐकू आला. राऊदेल दारात उभा राहून हेच म्हणाला होता. आता मी म्हणत होते, आणि माझ्या मनात त्या वेळी एकच होतं, की हे पोर धड पोचू दे. म्हणजे त्याच्याही मनात तेच असणार.

ओर्तेन्सिया माझ्याकडे बघत राहिली. "टायर," ती म्हणाली.

"हो."

"त्याच्याकडे गाडी आहे?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली. "माझी भाची दात काढायला गेली होती पिनार देल रिओला. अजून काढतेय." झाडाखाली कुणी हसलं नाही. बाल्दोमेरो वाकून वाकून घेवडा खात होते, शेवटच्या दाण्यापर्यंत.

माणसं पांगली. मी झडप अर्धी ओढली. आत ओटा पुसलेला, कुकर गार. मी माझं ताट घेतलं नव्हतं. भूक नाही म्हणून राहणार होते. तरी तोंडातून गेलंच, सवयीनं, हळू आवाजात.

"शेवटचं कोण?"

"मी," बाहेरून आवाज आला.

वाकून बघितलं. ओर्तेन्सिया कचेरीत परत गेलीच नव्हती. झाडाच्या कट्ट्यावर बसली होती, मांडीवर अर्धा डबा तसाच.

मी झडप पुन्हा वर केली. इकडेतिकडे बघितलं, कुणी नव्हतं.

"आपल्या मध्ये एक जण होता," मी म्हणाले. "तो रांग सोडून गेला. म्हणाला, आता मी तुझ्यामागे."

ओर्तेन्सियानं घास तसाच हातात धरला.

"सांगून गेला?" तिनं विचारलं.

"सांगून गेला."

ती कट्ट्यावर जरा सरकली, शेजारची धूळ हातानं झाडली. मी माझा डबा वाढून घेतला आणि बाहेर गेले.